पेटीतले अवरेकाळू

१

व्हाइटफील्डच्या त्या प्रयोगशाळेत रम्याने निळ्या पेटीवरची घट्ट बसलेली, सही केलेली चिकटपट्टी कापली, झाकण उचललं आणि काही वेळ ती नुसती आत बघत राहिली. मग तिने हातमोजे चढवले, आतून एक गोठलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि उजेडात धरून अगदी सौम्यपणे विचारलं, "हे काय आहे?"

देवश्री जगतापला ते दारातूनच ओळखू आलं होतं. बसवनगुडीत वाढलेल्या कुणालाही आलं असतं. सोललेले अवरेकाळू होते ते, आपल्या पावट्याचे बंगळुरी भाऊबंद. थंडी पडली की या शहरात दर घरात ते सोलले जातात, आमटीत पडतात, उपम्यात पडतात. प्रयोगशाळेच्या पेटीत मात्र ते पडायचं काही कारण नव्हतं.

पेटीत असायला हव्या होत्या नळ्या. 'नीलयात्री' या फिरत्या कॉलेजच्या जहाजावरची मुलं मोंबासापासून चेन्नईपर्यंत रोज पहाटे समुद्राचं पाणी उपसत आली होती. ते पाणी गाळायचं, गाळणीची चकती बोटभर नळीत घालायची, नळी गोठवायची. कुठल्या पाण्यात कोणते जीव राहतात हे त्या चकत्यांवरून रम्या शोधणार होती. मुलांचं अख्खं सत्र त्या पेटीत होतं.

हा विषय शिकवणारे डॉ. उपेंद्र मायदेव जवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दारात उभ्या असलेल्या मुलांतला विराट आधी खो खो हसला. मग कोणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

देवश्रीने डोळे मिटून घेतले. जहाजावर ती विद्यार्थी अधिकारी होती. म्हणजे मुलांना समुद्र लागला की बादली देणारी, केबिनमधली भांडणं सोडवणारी, बंदरात उतरल्यावर ओळखपत्र हरवलं की पोलीस चौकीत जाऊन बसणारी. जहाज एका देशातून दुसऱ्या देशात जायचं, मुलं तिथे शिकायची आणि ती त्यांच्या मागून त्यांचे चार्जर गोळा करत जायची. एकाने ओमानमधल्या सलालाला उंटाच्या पिल्लाचा सौदा ठरवला होता. एकीने कोलंबोत भलत्याच जहाजात चढून तिथे जेवणही केलं होतं. चेन्नईला जहाज लागल्यावर हा समुद्रविज्ञानाचा गट बंगळूरला न्यायचं ठरलं, तेव्हा देवश्रीला वाटलं होतं, आपलं गाव आहे, दोन दिवस तरी सुखाचे जातील.

तिने चेन्नईला डीनबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितलं की जहाज उद्या संध्याकाळी सुटेल, कुणासाठी थांबणार नाही. ज्याने हे केलं त्याला त्या जहाजावर पुन्हा पाऊल ठेवू दिलं जाणार नाही. तो कोण हे बंगळूर सोडायच्या आत कळलं पाहिजे.

फोन ठेवून देवश्री वळली तर विराट जवळ येऊन उभा होता. हसू आता पार मावळलं होतं.

"मॅम, क्षितिजला विचारा," तो हळू आवाजात म्हणाला. "आज सकाळी सगळे झोपलेले असताना तो गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात काय करत होता?"

२

व्हाइटफील्डहून बसवनगुडीच्या अतिथिगृहाकडे परतताना बस जितकी चालली त्याहून जास्त उभी राहिली. एका सिग्नलला ड्रायव्हरने इंजिन बंद करून शांतपणे केळं खाल्लं. देवश्रीने तो वेळ क्षितिजपाशी घालवला.

क्षितिज सावंतवाडीकडचा होता, शिष्यवृत्तीवर आलेला. कमी बोलणारा, कामाला पहिला. जहाजावरच्या प्रयोगशाळेत शीतकपाटाची पाळी कुणालाच नको असायची, ती हा मागून घ्यायचा. पेटी कशी भरतात, कशी उघडतात हे मायदेव सरांच्या खालोखाल त्यालाच ठाऊक होतं. नेमकं तेच आता त्याच्या विरुद्ध जात होतं.

तिने विचारलं, सकाळी स्वयंपाकघरात गेला होतास का? तो हो म्हणाला. कशासाठी, यावर मात्र त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"नळ्या मी घेतल्या नाहीत," एवढंच तो म्हणाला. "कशाला गेलो होतो ते नाही सांगणार."

"क्षितिज, तुला कळतंय का काय होईल ते? तुझी बॅग इथेच उतरवून ठेवतील."

"कळतंय."

देवश्रीला त्याचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. खोटं बोलणारी मुलं तिला परवडत. खोटं कुठेतरी उसवतं, दोरा हाती लागतो. ही तोंड मिटून बसणारी मुलं म्हणजे भिंतीशी बोलणं.

मायदेव सर पुढच्या बाकावर होते. बासष्टीचे गृहस्थ, सारी नोकरी बंगळूरच्याच एका सरकारी संशोधन संस्थेत गेलेली, निवृत्तीनंतर जहाजावर शिकवायला आलेले. ते म्हणाले की त्यांना कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण पट्टीचं रीळ त्यांच्या उघड्या बॅगेत वरच होतं. रात्री कुणीतरी पेटी अतिथिगृहाच्या फ्रीझरमधून काढली असणार, पट्टी सोडवून नळ्या काढल्या, वजन भरायला हाताला लागल्या त्या पिशव्या कोंबल्या आणि नवी पट्टी लावून टाकली असणार.

"पण वर तुमची सही आहे, सर."

"माझ्या सहीची नक्कल मुलं हजेरीसाठी रोज करतात," सर खिन्नपणे हसले. "चावटपणा असेल हो कुणाचा. दोन दिवसांनी आपणच सांगेल."

देवश्रीने त्यांना आठवण करून दिली की दोन दिवसांनी जहाज श्रीलंकेपलीकडे असेल, आणि आत्ता तरी बोट एकाच मुलाकडे आहे. सरांनी मान हलवली आणि बाहेर पाहू लागले. आज सगळ्यांनाच बाहेर काय दिसत होतं कोण जाणे. बाहेर एक पाण्याचा टँकर होता.

वाटेत डीनबाईंचा पुन्हा फोन आला. स्वयंपाकघराची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. विराटने वर्गाच्या ग्रुपवर टाकली असणार. त्या म्हणाल्या, त्या मुलाने आज रात्रीच्या जेवणापर्यंत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर त्याचं घरी जायचं तिकीट काढा.

देवश्री बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हातातल्या पाण्याच्या बाटलीचं टोपण पिळून पिळून मोडलं आहे.

३

बसवनगुडीचं ते अतिथिगृह बंगळूरच्या जुन्या मराठी मंडळींनी चालवलेलं होतं आणि अप्पासाहेब त्याचे व्यवस्थापक होते. त्यांच्या घराण्याला या मुलखात येऊन साडेतीनशे वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांच्या मराठीला कानडी फोडणी बसली होती. देवश्रीला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. तिचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं दुःख वेगळंच होतं.

"अक्का, रविवारी बारसं आहे. शंभर पान. त्या पिशव्या मी मोजूनमापून सोलून घेतलेल्या. तुझ्या त्या लॅबवाल्या बाईला सांग, काळू परत पाठव म्हणून. वाया घालवू नको म्हणावं."

देवश्रीने सांगितलं की काळू आता पुरावा आहेत. अप्पासाहेबांना ते पटलं नाही.

हळूहळू त्यांच्याकडून आदल्या संध्याकाळची हकीकत निघाली. बस आली. देवश्रीने सगळ्या मुलांना हाकलत गांधी बाजारात दोसा खायला नेलं. एकालाही मागे ठेवलं नव्हतं, कारण मागे राहिलेलं मूल म्हणजे हरवलेलं मूल हे ती अनुभवाने शिकली होती. मायदेव सर तेवढे पेटी घेऊन कोठीत आले. कोठीतल्या आडव्या फ्रीझरमध्ये जागा नव्हती. मग अप्पासाहेबांनी अवरेकाळूच्या पिशव्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि त्यातल्या मावतील तितक्या शेजारच्या घरी ठेवायला गेले. शेजारी बोलत बसले. परत आले तोवर सरांनी पेटी फ्रीझरमध्ये सारून झाकण लावलं होतं. सर म्हणाले, इथे आलोच आहे तर सर्जापूर रोडला घरी बायकोला भेटून येतो. आणि गेले.

"उरलेल्या पिशव्या?"

"ओट्यावर होत्या त्या मी परत आत टाकल्या. कमी वाटल्या स्वल्प. म्हटलं, शेजारी जास्त गेल्या असतील."

मग देवश्रीने सकाळचं विचारलं. तो मुलगा फ्रीझरपाशी काय करत होता?

"फ्रीझरपाशी कोण म्हणालं?" अप्पासाहेब तिच्याकडे बघत राहिले. "फ्रीझर कोठीत. पोरगा स्वयंपाकघरात होता, फ्रीजपाशी. मी दूध घ्यायला आलो तर घाईनं दार लावलं न् पळाला. मला वाटलं, भूक लागली असेल. कुठलं पोर सकाळी उठून फ्रीज उघडत नाही?"

देवश्री उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने तो फ्रीज उघडला. दुधाची पातेली, दह्याचा सट, कोथिंबिरीच्या जुड्या. तिने एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. सगळ्यात खालच्या खणात, कोथिंबिरीच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी चेनची थैली होती. चेन ओढताच आत ओळीने लावलेल्या जाड पेनांसारख्या सुया दिसल्या.

४

क्षितिजने थैली पाहिली आणि तो पलंगावर बसला. मग एकदम सगळं बोलला, जसं काही कधीपासून कुणी विचारायचीच वाट पाहत होता.

त्याला मधुमेह होता, लहान वयातला, रोज इन्सुलिन लागणारा. ही गोष्ट कळली तर जहाजावर घेणार नाहीत असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून गावच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून त्याने प्रकृती उत्तम असल्याचा दाखला आणला. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण काही महिन्यांचा साठा थंड ठेवावा लागतो. केबिनमध्ये फ्रीज नव्हता. प्रयोगशाळेत होता. म्हणून शीतकपाटाची पाळी तो मागून घ्यायचा. रसायनांच्या बाटल्यांमागे त्याची थैली असायची.

देवश्रीने स्वतःला आवरलं. समुद्रात मध्यरात्री हा मुलगा बेशुद्ध पडला असता तर त्याला काय झालंय हे जहाजावर कुणालाही कळलं नसतं, हे तिने त्याला नंतर सांगायचं ठरवलं. सविस्तर सांगायचं ठरवलं.

"मग बसमध्ये का नाही बोललास?"

"स्वयंपाकघरात कशाला गेलो ते सांगितलं असतं तरीही जहाज सुटलंच असतं," तो म्हणाला. "कुठूनही उतरायचंच होतं. चोर म्हणून की आजारी म्हणून, एवढंच." मग म्हणाला, "आणि सरांना मी शब्द दिला होता."

"कसला शब्द?"

कोलंबो यायच्या आधी एका सकाळी तो थैली घ्यायला गेला तर फ्रीज गरम होता. फ्रीज आणि नळ्यांचा फ्रीझर दोन्ही एकाच बोर्डावर चालायचे. त्याने फ्रीझर उघडला. नळ्यांभोवतीचा बर्फ वितळून पाणी झालं होतं. बटण सुरू होतं, तरीही. म्हणजे रात्री कुणीतरी प्लग काढून पहाटे परत लावला होता. त्याने जाऊन मायदेव सरांना सांगितलं. आपण तिथे का गेलो होतो ते सोडून बाकी सगळं. सर म्हणाले, मी बघतो, तू कुणाला बोलू नकोस.

देवश्रीने विराटला बोलावलं. त्याने पहिल्यांदा कानांवर हात ठेवले. मग भव्या, जी रोज त्याच्याबरोबर पाणी उपसायची, ती दारातूनच म्हणाली, "अरे सांग ना, डेकवरच्या पार्टीचं." आणि विराटचा चेहरा पडला.

स्पीकरला वायर पुरत नव्हती. प्रयोगशाळेची खिडकी डेकला लागून होती. त्याने बोर्डाचा प्लग काढून स्पीकरचा लावला.

"पण सकाळी परत लावला की, मॅम," तो म्हणाला. "लगेच गार झालं सगळं."

समुद्रविज्ञान शिकणारा मुलगा हे म्हणाला. देवश्री उठून खिडकीशी गेली, बाहेरच्या बदामाच्या झाडाकडे बघत उभी राहिली आणि मनातल्या मनात कानडीत जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं.

आता कारण सापडलं होतं. वितळलेल्या नळ्या प्रयोगशाळेत गेल्या असत्या तर ते उघड झालं असतं आणि स्पीकरपर्यंत माग लागला असता. विराटने रात्री पेटी उघडली आणि बालंट क्षितिजवर ढकललं, सगळं नीट बसत होतं. तिने त्याला तसं विचारलंही. तो रडकुंडीला आला. फ्रीझर उघडला नाही, पेटीला हात लावला नाही, क्षितिजचं नाव घेतलं ते घाबरून घेतलं, फ्रीझरचा विषय निघू नये म्हणून. तिचा विश्वास बसला नाही. या महिन्यांत तिचा विराटच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास बसला नव्हता.

ती कोठीत गेली, नेमकं कसं केलं असेल ते बघायला. सरांची बॅग दिवाणखान्यातच होती आणि पट्टीचं रीळ खरोखर वरच होतं. तिने फ्रीझरमधून आईस्क्रीमचा एक रिकामा डबा काढला आणि त्याच्या झाकणावर पट्टी लावली.

पट्टी सुटून आली.

तिने डबा पदराने पुसून पुन्हा लावली. पुसेपर्यंत त्यावर पुन्हा दंव धरलं होतं. पट्टी कडेला वळली आणि लोंबू लागली. तिने पट्टीवर पेनाने रेघ ओढून पाहिली. पट्टीवरून डब्यावर उतरताच पेन उठेना.

सकाळी रम्याने कापली ती पट्टी मात्र सपाट, कोरडी, घट्ट बसलेली होती, आणि सरांची सही पट्टीवरून पेटीवर न तुटता उतरलेली होती. म्हणजे रात्रभर गोठलेल्या पेटीवर ती लावलेलीच नव्हती. पेटी फ्रीझरमध्ये जाण्याच्या आधी, कोरडी असताना लावली होती. आणि आत काळू होते बसवनगुडीचे, म्हणजे इथे आल्यानंतर लावली होती.

त्या वेळी विराट गांधी बाजारात तिच्या समोर बसून तिसरा दोसा मागवत होता. सगळीच मुलं तिथे होती. अप्पासाहेब शेजारी गेले होते. कोठीत पेटीपाशी एकच माणूस होता.

५

सर्जापूर रोडच्या त्या संकुलात पोचेपर्यंत देवश्रीने रिक्षावाल्याच्या संसाराची सगळी कथा ऐकली होती. वाटेत ती मनाला समजावत होती की आपलं चुकत असेल. चुकावं असंच तिला वाटत होतं. मायदेव सर कधी कुणावर ओरडत नसत. मुलांना समुद्र लागला की स्वतः लिंबू चिरून द्यायचे.

कल्पना मायदेव यांनी दार उघडलं. पन्नाशी ओलांडलेल्या, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या. त्यांनी देवश्रीला आत घेतलं, चहा टाकला आणि न विचारताच बोलायला लागल्या, कारण त्यांनाही कुणावर तरी वैतागायचंच होतं.

"चार महिन्यांनी घरी आले. मी साबुदाण्याची खिचडी केली. खाल्ली नाही. जेमतेम टेकले. ट्रॅफिकमध्ये गेले दोन तास, घरात थांबले किती, तर बाहेर कॅब उभी. म्हटलं, आलात कशाला मग? तर म्हणे, हे ठेवायला."

"काय ठेवायला?"

कल्पनाताई तिच्याकडे बघू लागल्या. हुशार बाई होत्या. विद्यार्थी अधिकारी एवढ्या ट्रॅफिकमधून चहा प्यायला येत नाही हे त्यांच्या आता ध्यानात आलं.

"त्यांनी काही केलंय का?" त्यांनी विचारलं.

देवश्रीने जे होतं ते सांगितलं. एका मुलाचं तिकीट काढायचं घाटतंय हेही सांगितलं. कल्पनाताई उठल्या. गॅस बंद केला. मग फ्रीजच्या वरच्या कप्प्याचं दार उघडून त्यांनी मटाराची पिशवी आणि बर्फाचे साचे ओट्यावर ठेवले, आणि मागून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी बाहेर काढलं.

टॉवेलात नळ्यांचे खोके होते. प्रत्येक नळीवर जागेचं नाव, सरांच्या बारीक, सुरेख अक्षरात.

"मला म्हणाले, हात लावू नकोस, फेकू तर अजिबात नकोस," त्या म्हणाल्या. "चोरी करायची तीही यांना नीट जमत नाही."

मग त्यांनी टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि घराच्या किल्ल्या उचलल्या.

६

मायदेव सर अतिथिगृहाच्या अंगणात बसले होते. फाटकातून देवश्रीच्या मागोमाग कल्पनाताई आलेल्या पाहून ते उभे राहिले आणि काही विचारायची गरज राहिली नाही.

त्यांनी काही नाकारलं नाही. क्षितिजने सांगितलं त्या सकाळीच त्यांना कळलं होतं की कोलंबोच्या आधीच्या नळ्या वितळून पुन्हा गोठल्या आहेत. त्या दिल्या असत्या तर निकाल पाहून रम्याने विचारलं असतं, यांना काय झालं? प्रयोगशाळेला कुलूप नव्हतं, खिडकी उघडी होती, रात्री कुणी पाहिलं नव्हतं. सगळी जबाबदारी त्यांची होती. इतक्या वर्षांच्या कामात त्यांच्या हातून एकही नमुना खराब झाला नव्हता.

"पेटीत भलतंच काही निघालं तर मुलांचा चावटपणा वाटेल," ते म्हणाले. "थोडा आरडाओरडा होईल आणि मिटेल. ओट्यावर त्या पिशव्या दिसल्या आणि... कुणाचं नाव येईल असं वाटलं नव्हतं."

"मग पट्टी इतकी नीट कशाला लावलीत? सही कशाला केलीत?"

सरांना हा प्रश्न कळलाच नाही बहुतेक. "पेटी बंद करायची म्हणजे नीटच बंद करायची ना," ते म्हणाले.

"आणि क्षितिजचं नाव आलं तेव्हा?"

"मी बोलणार होतो."

"कधी, सर? जहाज सुटल्यावर?"

देवश्रीला आता राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्यामागे एक थकवा होता. मुलांच्या मूर्खपणाची तिला सवय होती. मुलं विसाव्या वर्षी मूर्ख असतात, म्हणून तर त्यांच्याबरोबर तिला पाठवतात. बासष्टाव्या वर्षी सोबत कोण कुणाला पाठवणार?

तिने रम्याला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. रम्याने विचारलं की कोणत्या नळ्या कधीच्या, ते वेगळं करता येईल का? येईल, देवश्री म्हणाली. मग रम्या म्हणाली की कोलंबोनंतरच्या नळ्यांना काहीच झालेलं नाही. आणि आधीच्याही ती तपासून पाहणार आहे. एकदा वितळलं म्हणून सगळं संपत नाही, थोडं कमी दिसतं इतकंच. फक्त वितळल्याचं आम्हाला सांगायला हवं होतं, ती म्हणाली. सोबतच्या कागदावर एक ओळ लिहायची होती.

कल्पनाताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "एक ओळ," त्या म्हणाल्या.

मुलं एव्हाना जिन्यावर जमली होती. मायदेव सरांनी त्यांना खाली बोलावलं आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. क्षितिजला जे माहीत होतं ते त्याने आपल्या सांगण्यावरून दडवलं, आणि त्याच्यावर आळ आला तेव्हा आपण गप्प बसलो, हेही सांगितलं. मग ते क्षितिजकडे वळले आणि म्हणाले की त्याने माफ करावं अशी अपेक्षा नाही.

"सर, मी बसमध्ये तुमच्याकडे बघत होतो," तो म्हणाला. "सगळा वेळ. तुम्ही एकदाही मागे वळला नाहीत."

एवढंच तो म्हणाला आणि वर निघून गेला. विराट त्याच्यामागे गेला. काय बोलला ते कुणाला कळलं नाही, पण बॅग भरताना क्षितिजची पुस्तकं उचलायला तो होता.

डीनबाईंना फोन देवश्रीने करायच्या आधीच मायदेव सरांनी केला. ते जहाजावर परतणार नव्हते. रात्रीच्या जेवणाला ते थांबले नाहीत. नळ्यांचे खोके दुसऱ्या पेटीत सुक्या बर्फात ठेवून, कोलंबोच्या आधीचे आणि नंतरचे वेगवेगळे बांधून, ते आणि कल्पनाताई स्वतः व्हाइटफील्डला निघाले. या वेळी पेटी कल्पनाताईंच्या मांडीवर होती.

अप्पासाहेबांनी पेटीतल्या काळूंचं काय झालं ते विचारलं. रम्याकडच्या लोकांनी ते दुपारीच शिजवून खाल्ले होते. हे सांगायचं काम देवश्रीने दुसऱ्या कुणावर तरी ढकलायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चेन्नईच्या बंदरात जहाजाच्या शिडीवरून मुलं नेहमीसारखी आरडाओरडा करत चढली. एकाने बंगळूरलाच बूट विसरले होते. देवश्री त्या गोंगाटातून क्षितिजला घेऊन थेट डॉक्टरांच्या केबिनपाशी गेली. वाटेत तिने त्याला ते सविस्तर सुनावलं होतं, होसूरपासून वेल्लोरपर्यंत पुरेल इतकं. आता सुनवायला काही उरलं नव्हतं.

"तुम्ही सांगाल का त्यांना?" त्याने विचारलं.

"तू सांग. मी दाराबाहेर आहे."

तो आत गेला. दार लागलं. देवश्री भिंतीला टेकून उभी राहिली. आतून आधी क्षितिजचा पुटपुटता आवाज आला, मग डॉक्टरांचा मोठा आवाज, रागाचा. त्यानंतर कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

बाहेर आला तेव्हा क्षितिजचे कान लाल झाले होते. हातात थैली नव्हती.

"डॉक्टर खूप ओरडले," तो म्हणाला. "मग म्हणाले, जहाजावर माझ्यासारखे आणखी काही जण आहेत. सगळ्यांचं इन्सुलिन त्यांच्याच फ्रीजमध्ये असतं. पहिल्या दिवसापासून. म्हणजे या जहाजावर मीच एक मूर्ख."

जहाजाचा भोंगा वाजला. वरच्या डेकवर कुणीतरी विराटच्या नावाने ओरडत होतं, आणि त्या ओरडण्यात स्पीकर हा शब्द होता.

"छे रे," देवश्री पायऱ्यांकडे वळत म्हणाली. "फार मोठी रांग आहे. तू शेवटी उभा राहा."